मुलांचे हृदय आणि रोजचा तासभर घाम

लंडनच्या लाल दुमजली बसगाड्यांचा आणि हृदयविकाराच्या शास्त्राचा फार जुना संबंध आहे. दुसरे महायुद्ध संपल्यानंतरच्या काळात जेरी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या वाहतूक सेवेतील हजारो कर्मचाऱ्यांच्या प्रकृतीची माहिती जमवली. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच गाडीवर काम करत. दोघे एकाच सामाजिक थरातून आलेले असत आणि त्यांचे वेतनही जवळपास सारखे असे. फरक इतकाच, की ड्रायव्हर दिवसभर बसून असे, तर कंडक्टर तिकिटे देत दिवसाला साधारण ५०० ते ७५० पायऱ्या चढे. १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण ड्रायव्हरांपेक्षा कमी आढळले. ज्यांना विकार जडला त्यांनाही तो उशिरा आणि सौम्य स्वरूपात जडला. पुढे मॉरिस यांनीच आपल्या निष्कर्षावर शंका घेऊन दोघांच्या गणवेशांची मापे तपासली, तेव्हा ड्रायव्हरांच्या विजारींचा घेर नोकरीच्या प्रारंभापासूनच मोठा असल्याचे दिसले. म्हणजे जाड माणसे बसून करायच्या कामाकडे वळत होती, हाही एक भाग होता. स्वतःच्या सिद्धांताची अशी उलटतपासणी करणारा संशोधक विरळाच. मॉरिस स्वतः ९९ वर्षे जगले.

हे सारे प्रौढांविषयीचे झाले. आपला विषय मुलांचा आहे, आणि त्याचा धागा त्याच १९५३ सालातल्या दुसऱ्या एका शोधनिबंधात सापडतो. कोरियाच्या युद्धात मृत्यू पावलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या हृदयांची तपासणी झाली. त्यांचे सरासरी वय २२ वर्षे होते. रणांगणावर लढण्याइतके ते सुदृढ होते. तरीही त्यांपैकी सुमारे ७७ टक्के जणांच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांमध्ये विकाराच्या खुणा डोळ्यांना दिसण्याजोग्या होत्या. बाविसाव्या वर्षी जर खुणा दिसत असतील, तर प्रारंभ त्याआधी केव्हातरी झाला असला पाहिजे.

तो केव्हा होतो, याचे उत्तर अमेरिकेतील लुइझियाना राज्यातल्या बोगालुसा या लहानशा गावाने दिले. जेराल्ड बेरेन्सन यांनी १९७०च्या दशकाच्या प्रारंभी तेथील मुलांची नियमित तपासणी सुरू केली आणि ती पिढी मोठी होईपर्यंत चालू ठेवली. त्यांपैकी काही जण अपघातात किंवा अन्य कारणांनी अकाली मरण पावले. २ ते ३९ वर्षे वयाच्या अशा २०४ व्यक्तींच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. रोहिण्यांच्या आतल्या अस्तरावर साचणारे मेदाचे पिवळसर पट्टे लहान मुलांमध्येही आढळले. जादा वजन, चढा रक्तदाब, रक्तातील वाढलेली चरबी आणि धूम्रपान यांपैकी एकही धोका नसलेल्यांच्या हृदयरोहिण्यांचा १.३ टक्के पृष्ठभाग या पट्ट्यांनी व्यापला होता. तीन किंवा चार धोके असलेल्यांमध्ये तेच प्रमाण ११ टक्के होते. हृदयविकाराचा झटका पन्नाशीत येत असला, तरी त्याची पूर्वतयारी शाळेच्या वयात चालू झालेली असते, हे आज निर्विवाद मानले जाते. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०२२ साली आलेल्या अभ्यासात निरनिराळ्या देशांतल्या ३८ हजारांहून अधिक लोकांची बालपणापासूनची नोंद तपासली गेली, आणि बालपणीचे हेच धोके प्रौढ वयातील प्रत्यक्ष हृदयविकाराशी व पक्षाघाताशी जोडलेले दिसले.

या प्रक्रियेत व्यायाम नेमके काय करतो? त्यासाठी हृदयाचे काम थोडे समजून घ्यावे लागेल. दहा वर्षांच्या मुलाचे हृदय विश्रांतीच्या वेळी एका ठोक्याला साधारण ४० ते ४५ मिलिलिटर रक्त बाहेर ढकलते आणि मिनिटाला ७० ते १०० वेळा धडधडते. जोरात धावताना ठोके २०० पर्यंत जातात, प्रत्येक ठोक्याचे रक्तही वाढते, आणि मिनिटाला तीन-चार लिटरऐवजी दहा-बारा लिटर रक्त खेळू लागते. स्नायूंनी मागितलेला प्राणवायू याच मार्गाने पोहोचतो. प्राणवायूच्या साह्याने ऊर्जा निर्माण होत राहील अशा बेताने मोठ्या स्नायूंची हालचाल काही काळ चालू ठेवणे, हा एरोबिक व्यायामाचा अर्थ. हा शब्द केनेथ कूपर या अमेरिकी डॉक्टरांच्या १९६८ सालच्या पुस्तकाने घरोघर पोहोचवला. धावणे, पोहणे, सायकल, दोरीवरच्या उड्या, फुटबॉल, खो-खो हे सारे त्यात मोडते.

हा भार हृदयावर वारंवार पडला, की डावा कप्पा किंचित प्रशस्त होतो, अधिक भरतो आणि प्रत्येक ठोक्याला अधिक रक्त फेकतो. तेवढेच काम कमी ठोक्यांत होऊ लागते. विश्रांतीची नाडी मिनिटाला केवळ पाचने उतरली, तरी दिवसाचे ७,२०० ठोके वाचतात. मात्र येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता नियमित सरावाने मुलांमध्ये साधारण ५ ते १० टक्केच वाढते. प्रौढांमध्ये ती वाढ बहुधा याहून अधिक असते. मुले मुळातच प्रौढांपेक्षा अधिक हालचाल करणारी असल्याने वाढीला वाव कमी, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. तेव्हा चार महिने पळवले म्हणजे मूल धावपटू होईल, अशी अपेक्षा ठेवू नये.

खरा लाभ हृदयाच्या स्नायूपेक्षा रोहिण्यांच्या अस्तरात आहे. हे अस्तर एका पेशीइतक्या जाडीचे असते आणि ते निव्वळ नळीच्या आतला लेप नव्हे. रक्त वेगाने वाहू लागले, की त्याच्या घर्षणाने या पेशी नायट्रिक ऑक्साइड हा वायू निर्माण करतात. त्यामुळे रोहिणी सैलावते, रुंदावते आणि तिच्या भिंतीला चरबी व रक्तकणिका सहजी चिकटत नाहीत. लठ्ठ मुलांमध्ये ही क्षमता लवकर मंदावते, पण ती परतही मिळवता येते. हाँगकाँगमध्ये ९ ते १२ वर्षांच्या ८२ जादा वजनाच्या मुलांवर झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही मुलांना केवळ आहार बदलून दिला, तर काहींना आहारासोबत व्यायामही दिला. सहा आठवड्यांनंतर रोहिण्यांची रुंदावण्याची क्षमता दोन्ही गटांत सुधारली; व्यायाम करणाऱ्यांत ती अधिक सुधारली. ज्यांनी वर्षभर व्यायाम चालू ठेवला, त्यांच्या मानेतील रोहिणीच्या भिंतीची जाडीही कमी झाली. ज्या वयात झीज भरून निघू शकते ते वय हेच, असे या निष्कर्षातून दिसते.

रक्तदाबाच्या बाबतीत थोडा धीर धरावा लागतो. डेन्मार्कमधील ओडेन्से येथे ९ ते ११ वर्षांच्या मुलांना शाळेत शारीरिक शिक्षणाचे जादा तास देण्यात आले. तीन महिन्यांनंतर रक्तदाबात काहीच फरक नव्हता. प्रयोग तेथेच थांबला असता, तर व्यायाम निरुपयोगी ठरला असता. आठ महिन्यांनंतर मात्र वरचा रक्तदाब साधारण ५ ते ६.५ अंकांनी उतरलेला आढळला. जानेवारीत क्लबची वर्गणी भरून मार्चमध्ये ती बंद करणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांनी हा तपशील ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

रक्तातील साखर आणि इन्सुलिन यांवरील परिणाम त्या मानाने लवकर दिसतो. काम करणारा स्नायू रक्तातील साखर इन्सुलिनची फारशी वाट न पाहता आत ओढून घेतो. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात ७ ते ११ वर्षांच्या २२२ जाड मुलांना १३ आठवडे रोज २० किंवा ४० मिनिटे दमवणारे खेळ खेळवले गेले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ४० मिनिटांच्या गटात इन्सुलिनविषयीची सुधारणा आणि मेदातील घट अधिक होती. पण २० मिनिटांच्या गटालाही स्पष्ट लाभ झाला, आणि दमसास दोन्ही गटांत सारखाच वाढला. ‘पूर्ण तास जमत नाही, तर काहीच नको’ म्हणणाऱ्या पालकांसाठी हे उत्तर पुरेसे ठरावे.

आता आपल्या घरांकडे वळू. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका इतरांपेक्षा सरासरी पाच-सहा वर्षे आधी येतो, हे ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासातून पुढे आले. याचे मूळ कोठे आहे, याचा शोध घेण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांची मापे इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांशी ताडून पाहिली. आपली बाळे वजनाने पुष्कळच कमी होती. स्नायू आणि पोटातील अवयव लहान होते. परंतु त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, आतून मेदयुक्त. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. याज्ञिक यांनी लंडनमधील डॉ. जॉन युडकिन यांच्यासह एक छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक २२.३ होता, म्हणजे तंतोतंत सारखा. शरीरातील मेद मात्र युडकिन यांच्या ठायी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या ठायी २१.२ टक्के! एका पानाच्या त्या मजकुराने जे सांगितले, ते अनेक जाड ग्रंथांना सांगता आलेले नाही.

ब्रिटनमध्ये वाढणाऱ्या मुलांतही हाच वारसा दिसतो. लंडन, बर्मिंगहॅम आणि लेस्टर येथील शाळांमधल्या ९-१० वर्षांच्या मुलांच्या मोठ्या पाहणीत दक्षिण आशियाई मुलांच्या रक्तात इन्सुलिन आणि ट्रायग्लिसराइड यांचे प्रमाण गोऱ्या मुलांपेक्षा अधिक आढळले. कमरेला यंत्र बांधून मोजले असता त्यांची दिवसभराची हालचालही कमी भरली. येथे एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. इंग्लंडमध्ये रिसेप्शन आणि सहावीच्या वर्गात मुलांची उंची-वजन घेऊन पालकांना पत्र पाठवले जाते. त्या पत्रात ‘वजन योग्य’ असा शेरा आला म्हणून आपल्या मुलांच्या बाबतीत निश्चिंत होऊ नये. हा निर्देशांक दक्षिण आशियाई मुलांमधील मेद कमी दाखवतो. याउलट, मूल गुबगुबीत नाही म्हणून ‘अंगात भरत नाही’ अशी हळहळ करत त्याला तूप-साखर भरवणाऱ्या आजीलाही ही गोष्ट प्रेमाने समजावून सांगायला हवी.

किती व्यायाम पुरेसा? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी आठवड्याच्या सरासरीने रोज किमान ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल करावी. तिचा बहुतांश भाग एरोबिक असावा, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस खरोखर दमवणाऱ्या तसेच स्नायू व हाडे बळकट करणाऱ्या हालचाली असाव्यात. ब्रिटिश सरकारचा सल्लाही याच धर्तीवर आहे, आणि त्यातील निम्मा वेळ शाळेने द्यावा अशी २०१६ सालापासूनची अपेक्षा आहे. वास्तव वेगळे आहे. इंग्लंडमधील निम्म्याहून कमी मुले हे प्रमाण गाठतात, आणि आशियाई वंशाच्या मुलांत ते सरासरीहूनही कमी आहे. जगभरातील १४६ देशांची आकडेवारी एकत्र केली असता २०१६ साली ११ ते १७ वर्षांच्या ८१ टक्के मुलांची हालचाल अपुरी असल्याचे दिसले. मुलींमध्ये हा आकडा ८५ टक्के होता. मुलींची घसरण वयात येताना सुरू होते. आपल्या घरांत त्या सुमारास पोहण्याचा तास बंद होतो आणि त्या जागी गणिताची शिकवणी येते. अकरा-प्लसच्या परीक्षेसाठी तर मुलामुलींची दोन-दोन वर्षे खुर्चीत जातात. ग्रामर शाळेतला प्रवेश महत्त्वाचा नाही असे कोणी म्हणणार नाही. पण त्या दोन वर्षांचा हिशेब शरीरही ठेवत असते, हे कोणी सांगतही नाही.

६० मिनिटे सलग असावी लागत नाहीत. किंबहुना मुलांचा स्वभाव त्याच्या उलट आहे. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात ६ ते १० वर्षांच्या मुलांच्या हालचाली सेकंदासेकंदाने टिपल्या गेल्या. त्यांच्या जोरकस हालचालीचा मध्यम कालावधी अवघा तीन सेकंद भरला! धावणे, थांबणे, वळणे, पुन्हा धावणे हाच त्यांचा नैसर्गिक व्यायाम. म्हणून आठ वर्षांच्या मुलाला ट्रेडमिलवर उभे करण्यापेक्षा शिवाशिवी, लगोरी, लंगडी किंवा डब्बा-ऐसपैस खेळू देणे शास्त्रालाही अधिक मान्य आहे. मनगटावरच्या घड्याळात प्रौढांसाठी असलेले ‘२२० वजा वय’ हे सूत्रही मुलांना लावू नये. त्यांची कमाल नाडी वाढीच्या वर्षांत २०० च्या आसपास स्थिर राहते. साधी कसोटी अशी, की मुलाला खेळता खेळता बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, तेव्हा हालचाल मध्यम. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तेव्हा ती जोरकस.

या कसोटीवर आपले लाडके क्रिकेट फारसे उत्तीर्ण होत नाही, हे नमूद करताना थोडे वाईट वाटते. थर्ड मॅनला उभ्या असलेल्या मुलाला तीन तासांत ताजी हवा भरपूर मिळते, दम मात्र क्वचितच लागतो. खो-खो, कबड्डी आणि लेझीम यांचे तसे नाही. खो-खोमध्ये पळणाऱ्याला सतत दिशा बदलावी लागते, आणि लेझमीचे दहा मिनिटांचे हात-पाय जोरकस व्यायामाच्या व्याख्येत सहज बसतात. २०२५च्या जानेवारीत दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात इंग्लंडचे संघही उतरले होते. मंडळाच्या गणेशोत्सवापुरती लेझीम काढण्याऐवजी ती रविवारच्या मराठी शाळेत महिनोन्महिने चालू ठेवता येणार नाही का?

शाळांनी काय करावे याचा एक स्वस्त नमुना स्कॉटलंडमध्ये आहे. स्टर्लिंग येथील सेंट निनियन्स प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका एलेन वायली यांनी २०१२ साली मुलांना रोज वर्गातून बाहेर काढून पंधरा मिनिटे धावायला किंवा चालायला लावले. खास कपडे नाहीत, साधने नाहीत, स्पर्धा नाही. हा ‘डेली माइल’ उपक्रम पुढे अनेक देशांत पोहोचला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, उपक्रम राबवणाऱ्या शाळेतील मुलांची मध्यम ते जोरकस हालचाल तुलनेच्या शाळेपेक्षा रोज सुमारे नऊ मिनिटांनी वाढलेली आढळली, दमसास सुधारला आणि त्वचेखालील मेद थोडा घटला. ही पाहणी दोनच शाळांची होती, म्हणून तिच्यावर फार मोठा डोलारा उभारू नये. पण खर्च शून्य असताना इतका लाभही पुष्कळ आहे. शाळेबाहेर ज्युनियर पार्करन आहे. दर रविवारी सकाळी दोन किलोमीटर, ४ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी, विनामूल्य. डिसेंबरात चार वाजता अंधारणाऱ्या या देशात सकाळचा उजेड वापरणे हाच शहाणपणा.

पुराव्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. हजार मुलांना चाळीस वर्षे पळवून आणि हजारांना बसवून ठेवून कोणाला झटका येतो, हे पाहणारा प्रयोग झालेला नाही व होणारही नाही. सर्वांत जवळचा पुरावा स्वीडनचा आहे. लष्करी भरतीच्या वेळी अठराव्या वर्षी तपासलेल्या ७ लाख ४३ हजार तरुणांचा सरासरी ३४ वर्षे मागोवा घेतला असता, दमसास जितका चांगला तितका पुढे हृदयविकाराच्या झटक्याचा धोका कमी दिसला. परंतु दमसासाचा काही भाग आनुवंशिक असतो, आणि ज्या घरात मुले पळतात त्या घरात जेवणखाणही बहुधा बरे असते. शिवाय याच अभ्यासात दमसास चांगला असलेल्या लठ्ठ तरुणांचा धोका दमसास कमी असलेल्या सडपातळ तरुणांपेक्षा अधिक आढळला. वजनाचा प्रश्न व्यायामाने पुसून टाकता येत नाही. ताटाकडेही पाहावे लागते.

जन्मतः हृदयदोष असलेल्या मुलांविषयी अनेक पालक विचारतात. दर हजार बालकांत सुमारे आठ जणांना असा दोष असतो. पूर्वी अशा मुलांना सर्रास बसवून ठेवले जाई. आज बहुतेकांना हालचालीचा सल्लाच दिला जातो, कारण अतिसावधपणे जपलेल्या मुलांचे स्नायू आणि दमसास दोन्ही खालावतात. मात्र कोणत्या दोषात कोणता खेळ चालेल हे मुलागणिक ठरते. म्हणून पुढच्या भेटीत हृदयतज्ज्ञांना ‘काय टाळू?’ एवढेच न विचारता ‘काय करू शकतो, किती जोराने आणि किती वेळ?’ असे विचारून उत्तर शाळेसाठी लेखी घ्यावे.

आणि काही लक्षणे कधीही अंगावर काढू नयेत. खेळताना शुद्ध हरपणे, परिश्रमाच्या वेळी छातीत दुखणे, बरोबरीच्या मुलांपेक्षा फारच लवकर धाप लागणे, विनाकारण छातीत फडफडणे, अथवा जवळच्या नात्यात कोणाचा चाळिशीच्या आत आकस्मिक मृत्यू झालेला असणे, यांपैकी काहीही असेल तर खेळ थांबवून आधी जीपीकडे जावे. धावताना चक्कर येऊन मूल कोसळले तर ‘सकाळी काही खाल्ले नव्हते’ असे म्हणून सोडून देऊ नये; हृदयाच्या स्नायूचा किंवा विद्युत्प्रवाहाचा दडलेला दोष अशाच वेळी प्रकट होतो. दम्याच्या मुलांनी खेळ सोडण्याची आवश्यकता नसते, पंप मात्र मैदानावर हाताशी असावा. अंगात ताप असताना आणि अंगदुखीसह आलेल्या विषाणूजन्य आजारात पूर्ण विश्रांती द्यावी, कारण त्या दिवसांत हृदयाच्या स्नायूलाही सूज येऊ शकते. ताप उतरल्यावर आधी चालणे, मग हलके खेळ आणि मूल पूर्ववत हसू-खेळू लागल्यावरच धावणे, असा क्रम ठेवावा.